सॅन पेड्रोची तेलवाहिनी : एका रात्रीत सात वेळा, मग दीड वर्षानं एकदा

१ ऑक्टोबर २०२१, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. दक्षिण कॅलिफोर्नियात लाँग बीचसमोर, सॅन पेड्रो उपसागरात उभ्या असलेल्या 'एली' या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गळतीचा पहिला अलार्म वाजला. लाइन बंद केली, शोधाशोध झाली, काही सापडलं नाही, लाइन पुन्हा सुरू केली. पुन्हा अलार्म. रात्रभर हेच चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आठव्यांदा आणि शेवटची बंद होईपर्यंत ही पाइपलाइन सात वेळा सुरू झाली होती. या चौदा तासांच्या गळतीत सुमारे ५८८ बॅरल, म्हणजे त्र्याण्णव हजार लिटरच्या वर कच्चं तेल समुद्रात गेलं.

तीच पाइपलाइन एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा चालू झाली. त्या वेळी नुसती तेलानं भरायलाच सुमारे दोन आठवडे लागतील, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. कागदावर दोन्हींचं नाव एकच, रीस्टार्ट. पाइपलाइन सुरक्षितपणे सुरू करणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हे दोन प्रकार शेजारी ठेवून पाहण्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

लाइन कोणती आणि तिला लागलं काय

'एलन' आणि 'युरेका' या प्लॅटफॉर्मांवरच्या विहिरींचं तेल 'एली'वर येतं. तिथं पाणी आणि वायू वेगळे होतात आणि तेल १६ इंची पाइपमधून लाँग बीचच्या पंपिंग स्टेशनला जातं. लाइन १९८० साली टाकलेली, लांबी साधारण २८ किलोमीटर, बाहेरून इंचभर जाडीचं काँक्रीटचं वेष्टन. चालवणारी कंपनी बीटा ऑफशोअर, तिची मालक अॅम्प्लिफाय एनर्जी. पाइपची भिंत अर्धा इंच धरली तर आत सुमारे ३,२०० घनमीटर, म्हणजे वीस हजार बॅरल तेल मावतं. त्या रात्री गळलेलं तेल याच्या जेमतेम तीन टक्के होतं. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

घाव मात्र त्या दिवशीचा नव्हता. कोविडच्या काळात लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांबाहेर कंटेनर जहाजांची रांग लागली होती. २५ जानेवारी २०२१ रोजी जोराचा वारा सुटला आणि 'एमएससी डॅनिट' व 'बीजिंग' या दोन जहाजांचे नांगर तळ सोडून ओढले गेले. ते पाइपलाइनवरून गेले. पुढे पाणबुड्यांना, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या माणसांना, आणि रिमोटवर चालणाऱ्या पाणयंत्राला दिसलं ते असं: जवळपास १,२०० मीटर लांबीचा तुकडा मूळ जागेपासून ३२ मीटर बाजूला सरकलेला, काँक्रीट फुटलेलं आणि पोलादात १३ इंच लांबीची बारीक चीर. कंपनीच्या प्रमुखांनी त्या वेळी धनुष्याच्या ताणलेल्या दोरीची उपमा दिली होती. हिशेबही तेच सांगतो. १,२०० मीटरचा पाइप मध्ये ३२ मीटर वाकवायचा तर त्याची लांबी सव्वादोन मीटरनं वाढावी लागते. आजूबाजूचा पाइप थोडा ओढला जाऊन काही भरपाई होते, उरलेला ताण पोलाद सोसतं.

पाइप त्या दिवशी फुटला नाही, आणि घात तिथंच झाला. नांगरानं चेपलेल्या, ओरखडलेल्या जागी ताण एकवटतो. पंप सुरू झाला की दाब चढतो, बंद झाला की उतरतो, आणि प्रत्येक चढउताराला चीर किंचित पुढं सरकते. याला फटीग म्हणतात. तार पुढेमागे वाकवत राहिलं की तुटते तसं. आठ महिन्यांहून जास्त काळ हे चालू होतं. जहाजांनी किंवा बंदराच्या वाहतूक नियंत्रण केंद्रानं पाइपलाइन कंपनीला कळवलं नाही. लाइनची पाण्याखालची पाहणी तेव्हा दोन वर्षांतून एकदा होत असे.

अलार्म खोटा का वाटला

कंट्रोल रूममधल्या माणसांना दोष देणं सोपं आहे. एनटीएसबी या अमेरिकी अपघात तपास मंडळानं ठपका ठेवला तो अपुऱ्या प्रशिक्षणावर. गळतीचा अलार्म आला की लाइन बंद करून दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह लावून ती अलग करायची, अशी कंपनीची लेखी पद्धत होतीच. ती पाळली गेली नाही. संपर्कयंत्रणा तुटल्यामुळे खोटे अलार्म येण्याची सवय लागलेली होती. त्यात यंत्रणा गळतीची जागा प्लॅटफॉर्मवर दाखवत होती आणि तिथं गळती नव्हती, असं कंपनीनं नंतर सांगितलं. प्लॅटफॉर्मवर पाहिलं तर सगळं कोरडं, मग अलार्म खोटाच, असा तर्क झाला. अंधारात तवंग शोधणंही कठीण.

पण तांत्रिक बाजूनं पाहिलं तर मोठी चूक वेगळीच आहे. गळती शोधणारी यंत्रणा मुळात जमाखर्च मांडते: एका टोकानं किती तेल आत गेलं, दुसऱ्या टोकाला किती बाहेर आलं. पंप नुकताच सुरू झाला की हा हिशेब जुळतच नाही. आत गेलेलं तेल आधी लाइनमधला दाब वाढवण्यात खर्ची पडतं, दुसऱ्या टोकाला प्रवाह उशिरा स्थिरावतो. म्हणून सुरुवातीच्या काळात अशा यंत्रणांची अलार्मची मर्यादा सैल ठेवतात. दर थोड्या वेळानं बंद आणि सुरू करत राहिलं तर लाइन स्थिर अवस्थेला पोचतच नाही आणि यंत्रणेला नेमकी तीच अवस्था लागते. शंका फेडायला केलेलं प्रत्येक रीस्टार्ट पुरावा पुसत जातं, वर उघड्या चिरेवर दाबाचा आणखी एक फेरा बसतो.

मग लाइन बंद ठेवून दाब पाहायचा का? पाहायचा, पण तिथंही फसगत आहे. प्लॅटफॉर्मवरून येणारं तेल कोमट असतं, समुद्रतळ गार. पूर्ण भरलेल्या, दोन्हीकडून बंद लाइनमधलं तेल एका अंशानं निवलं तरी दाब आठेक बारनं (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) उतरू शकतो. तेलाच्या जातीप्रमाणे आकडा बदलेल, पण तो मोठाच राहील. याच लाइनच्या आकारमानात एक बार दाब उतरवायला साधारण तीनशे लिटर तेल गळावं लागतं. म्हणजे एक अंश निवणं आणि चोवीसशे लिटर गळणं, दाबमापकाला दोन्ही सारखंच. उलट बाजूनं, लाइनमध्ये वायूचा फुगा अडकला असेल तर तो स्प्रिंगसारखा दाब धरून ठेवतो आणि खरी गळती मापकावर उशिरा दिसते. म्हणून बंद लाइनची दाबचाचणी तासभराची करून भागत नाही. तापमान दोन्ही टोकांना आणि शक्य तिथं मध्येही मोजायचं, दाबाचा आलेख सपाट होऊ द्यायचा आणि त्यानंतर निष्कर्ष काढायचा. निवण्यामुळे उतरणारा दाब हळूहळू मंदावतो. गळतीनं उतरणारा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाशी बरोबरी होईपर्यंत उतरत राहतो.

आणि मघाचे तीन टक्के. इतक्या कमी तेलानं किनारा काळा होतो, पण तेच तेल तासातासांत वाटलं तर मोजणीतल्या चुकीत सहज दडतं. त्यामुळे 'आकडे तसे ठीकच दिसतायत' या वाक्याला सुरू करण्याच्या वेळी काडीची किंमत देऊ नये.

दुरुस्ती आणि परवानग्या

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फिमसा, म्हणजे अमेरिकेतलं पाइपलाइन सुरक्षेचं केंद्रीय खातं, यांनी सुधारणा आदेश काढला. असा आदेश निघाला की खात्यानं मंजूर केलेल्या लेखी योजनेशिवाय लाइन सुरू करता येत नाही, आणि सुरू केल्यावरही दाब सहसा अपघाताच्या वेळच्या दाबाच्या ८० टक्क्यांवर रोखलेला असतो. प्लॅटफॉर्म दुसऱ्या खात्याकडे येतात, तर समुद्रतळावर काम करायला लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. ती २०२२ च्या शरदात मिळाली. नुकसान झालेले दोन तुकडे कापून तिथं नवे बसवायचे होते.

तीस मीटर खोलीवर असं काम करण्याचे ढोबळ मार्ग दोन. पाइपची टोकं बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीवर, उचलून वर वेल्डिंग करायचं आणि सांधलेला पाइप परत खाली सोडायचा. नाहीतर आधीच जमिनीवर दाबचाचणी झालेला तुकडा खाली नेऊन पाणबुड्यांकरवी यांत्रिक जोडणीनं बसवायचा. पहिल्यात उचलताना पाइप वाकतो, त्या वाकण्याचा हिशेब चुकला तर दुरुस्तीतच नवा घाव पडतो. दुसऱ्यात गॅस्केट आणि बोल्टचा ताण हे नाजूक मुद्दे. कापण्याआधी लाइनमधलं तेल पिग (पाइपच्या आतून प्रवाहाबरोबर सरकत जाणारा, बुचासारखा घट्ट बसणारा तुकडा किंवा यंत्र) घालून पाण्यानं बाहेर काढलेलं असावं लागतं, हे सांगायला नको. पण तळाच्या खोलगट भागांत तेल उरतंच, म्हणून पहिल्या कापाच्या वर तेल गोळा करायचा घुमट आणि पृष्ठभागावर तरंगता अडसर तयार ठेवतात.

दाबचाचणीचा अमेरिकी नियम स्पष्ट आहे. कमाल चालू दाबाच्या १२५ टक्के दाब सलग चार तास. चाचणीदरम्यान पाइप डोळ्यांनी तपासता येत नसेल, तर त्यावर ११० टक्के दाब आणखी चार तास. पाण्याखालच्या लाइनला ही दुसरी अट आपोआपच लागू होते. समजा कमाल दाब ७० बार आहे, तर आधी ८७.५ आणि मग ७७ बार. इथंही तापमानाचं तेच भूत डोकावतं, त्यामुळे पाणी भरल्यावर ते समुद्राच्या तापमानाला येईपर्यंत थांबणं हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत जास्त वेळा टाळला जाणारा भाग असतो.

त्यानंतर पिग. आधी साफसफाईचा, मग मापाची चकती लावलेला. अॅल्युमिनियमची ही चकती आतल्या व्यासाच्या ९५ टक्के मापाची ठेवतात. या पाइपला ती सुमारे ३६२ मिलिमीटरची होईल. चकती बाहेर आल्यावर तिची कड हातात घेऊन पाहायची. कड कुठं दुमडली असेल तर पाइप कुठंतरी चेपलेला आहे, आणि भिंतीची जाडी मोजणारा महागडा पिग सोडण्याआधी ती जागा शोधायलाच हवी.

त्या महागड्या पिगवरही आंधळा विश्वास नको. याच राज्यात मे २०१५ मध्ये रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ जमिनीवरची २४ इंची लाइन फुटली. तापरोधक वेष्टनाखाली ओल धरून पोलाद बाहेरून गंजलं होतं. फुटण्याच्या काही दिवस आधी धावलेल्या पिगनं त्या जागी भिंतीची झीज ४७ टक्के दाखवली होती, प्रत्यक्षात ती ८९ टक्के निघाली. पिगचा अहवाल हा अंदाज असतो. दोनचार जागा उघड्या करून हातानं मोजल्याशिवाय तो खरा धरायचा नसतो.

तेल भरण्याचे दोन आठवडे

२८ किलोमीटरच्या या पाइपमध्ये सेकंदाला दहा सेंटिमीटर इतक्या धीम्या गतीनं तेल ढकललं तरी साडेतीन दिवसांच्या आत लाइन भरते. मग दोन आठवडे कशाला? कारण बंद पडलेल्या विहिरी एकदम पूर्ण ताकदीनं येत नाहीत, आणि दुसरं म्हणजे भरण्याचं काम टप्प्याटप्प्यानं, मध्ये थांबून करायचं असतं.

शहाणपणानं केलं तर क्रम साधारण असा असतो. लाइनमध्ये आधीचं पाणी असेल तर पाणी आणि तेल यांच्यामध्ये पिग ठेवतात, म्हणजे दोन्ही मिसळत नाहीत आणि तेलाचं तोंड कुठवर पोचलं ते कळतं. दुसऱ्या टोकाला पाठदाब, म्हणजे प्रवाहाला उलट अडवणारा दाब, धरून ठेवायचा. तो नसेल तर उतारावर पिग तेलाच्या पुढं पळतो, मागं पोकळी होते आणि दोन्ही टोकांचा हिशेब निरर्थक ठरतो. भरलेलं तेल आणि बाहेर आलेलं पाणी दर तासाला टाकीच्या मोजपट्टीवर पडताळायचं, नुसत्या मीटरवर नाही. मीटर आणि टाकी दोन वेगवेगळे साक्षीदार आहेत, त्यांची जबानी जुळली पाहिजे. लाइन पूर्ण भरली की दाब एकदम न चढवता पायऱ्यांनी चढवायचा, प्रत्येक पायरीवर थांबायचं आणि तेवढ्यात वरून हेलिकॉप्टर किंवा बोटीनं पाहणी करायची. पाहणी दिवसाउजेडीच. त्या ऑक्टोबरमध्ये संध्याकाळीच तवंगाची खबर सरकारी यंत्रणेकडे आली होती, पण शोध सकाळवर गेला. त्यामुळे दाब चढवण्याची वेळ सकाळची निवडणं ही साधी गोष्ट असली तरी तिला पर्याय नाही.

व्हॉल्व्हांबद्दल थोडं. आणीबाणीचा व्हॉल्व्ह किती सेकंदांत बंद होतो ते घड्याळ लावून मोजायचं. फार हळू बंद झाला तर तेल जात राहतं. फार झटकन बंद झाला तर वाहत्या तेलाचा धक्का मागे उसळतो. अमेरिकी नियमात अशा धक्क्याचा दाब कमाल दाबाच्या ११० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. दीड वर्ष पडून असलेल्या व्हॉल्व्हची सीट, म्हणजे झडप टेकते ती जागा, गंजलेली किंवा तेलातल्या मेणानं चिकटलेली असू शकते, आणि नियंत्रण पडद्यावर 'बंद' दिसणारा व्हॉल्व्ह प्रत्यक्षात थोडा उघडा असू शकतो.

गळतीशोधक यंत्रणा तपासायची खरी रीत म्हणजे मुद्दाम गळती करून पाहणं. ठरावीक दरानं दुसऱ्या टोकाच्या मीटरच्या अलीकडून तेल बाजूच्या टाकीत काढायचं, कंट्रोल रूमला आधी न सांगता, आणि अलार्म किती मिनिटांनी येतो व माणसं त्यावर काय करतात ते नोंदवायचं. संगणकातले आकडे बदलून घेतलेली चाचणी फक्त संगणक तपासते.

न्यायालयीन तडजोडीतून या कंपनीवर आलेल्या अटी याच दिशेच्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीनं हलगर्जीनं तेल सांडल्याचा केंद्रीय गुन्हा कबूल करायची तयारी दाखवली. दंड ७१ लाख डॉलर, शिवाय सरकारी खर्चापोटी सुमारे ५८ लाख डॉलर. जोडीला नवी गळतीशोधक यंत्रणा, प्रशिक्षण आणि कार्यपद्धतींची फेररचना, अलार्म आला की नियामकांना कळवणं, आणि दोन वर्षांतून एकदाऐवजी वर्षातून दोनदा पाणयंत्राची पाहणी. राज्याशी वेगळी तडजोड झाली, ती ४९ लाख डॉलरची.

या अटींत आमच्या मते एक अट अजून हवी होती. अलार्मनंतर बंद झालेली लाइन पुन्हा सुरू करायचा अधिकार त्या पाळीवरच्या माणसाकडे असूच नये. उत्पादनाची घाई ज्याच्या डोक्यावर नाही अशा कुणीतरी, किनाऱ्यावर बसून, आकडे बघून होकार द्यावा. दमलेल्या आणि संख्येनं अपुऱ्या माणसांवर लाइन चालली होती, असा सरकारी वकिलांचा आरोप होता. अशा माणसांना रात्री तीन वाजता बंद आणि सुरू यांतली निवड करायला लावणं हीच मुळात चूक आहे.

किनाऱ्यावर

तवंग हंटिंग्टन बीचला लागला तो शनिवार-रविवार विमानांच्या कसरतींचा होता. रविवारचा कार्यक्रम रद्द झाला. टॅल्बर्ट मार्श या खाजणात तेल शिरलं. भरतीबरोबर आत जाणारं तेल रोखायला खाड्यांच्या तोंडांशी तरंगते अडसर आणि वाळूचे बांध घातले. किनारे ११ ऑक्टोबरला लोकांसाठी उघडले. मासेमारी मात्र ३० नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. बंदी सुमारे ६५० चौरस मैलांवर आणि ४५ मैल किनाऱ्यावर होती. मासे आणि शिंपले तपासून निर्धोक ठरल्याखेरीज ती उठणार नव्हती.

पैशाची वाटणी पाहिली की फटका कुणाला बसला ते उमगतं. कंपनीनं किनाऱ्यावरच्या लोकांच्या सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं: ३ कोटी ४० लाख मासेमारीशी संबंधितांना, ९० लाख किनाऱ्यालगतच्या मालमत्ताधारकांना, ७० लाख समुद्रपर्यटनावर पोट असणाऱ्यांना. जहाजवाल्यांनी याच लोकांना वेगळे साडेचार कोटी दिले. शिवाय पाइपलाइन कंपनीला ९ कोटी ६५ लाख. एकूण नुकसान एनटीएसबीनं १६ कोटी डॉलरच्या घरात मोजलं.

लाइन पुन्हा सुरू करायला पर्यावरण संघटनांचा विरोध होता आणि त्यांचा मुद्दा जुन्या पाइपवर होता: चाळीस वर्षांच्या लाइनला दोन नवे तुकडे जोडले म्हणून बाकीचा पाइप नवा होत नाही. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. दुसरी बाजूही आहे. लाइन नसेल तर प्लॅटफॉर्म बंद ठेवावे लागतात किंवा तेल बार्जनं न्यावं लागतं, आणि बार्ज म्हणजे नांगरांच्या त्याच गर्दीत आणखी एक बोट. मच्छीमाराला या वादापेक्षा दोन गोष्टी हव्या असतात: लाइन कधी भरणार आहे ते आधी कळणं, आणि तवंग दिसला तर कोणत्या नंबरवर सांगायचं ते ठाऊक असणं. दाब चढवण्याच्या दिवसांत समुद्रात सर्वांत जास्त डोळे त्यांचेच असतात. त्यांना योजनेत धरलं तर ते फुकटचे पाहणीदार आहेत.

नांगर

एनटीएसबीनं डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या निष्कर्षात मूळ कारण म्हणून पाइप किंवा पंप येत नाही. जहाजांच्या नांगराच्या जागा पाइपलाइनच्या फार जवळ आखलेल्या होत्या, हे येतं. दुरुस्ती आणि चाचण्या कितीही चोख झाल्या तरी ही गोष्ट लाइनच्या मालकाच्या हातात नसते. म्हणून शिफारशी तटरक्षक दलाकडे गेल्या: नांगराच्या जागा लांब न्या, आणि जहाज जागा सोडून सरकू लागलं की वाहतूक केंद्रातल्या माणसाला ऐकू येईल असा अलार्म बसवा. पाइपलाइनवरून नांगर गेल्याची शंका आली तरी त्या केंद्रानं लगेच लाइनच्या मालकाला फोन करावा, हीही त्यातलीच. २५ जानेवारीच्या दिवशी असा एक फोन गेला असता तर पाणयंत्र लगेच खाली गेलं असतं, आणि फुटलेलं काँक्रीट व वाळूतला नांगराचा चर पहिल्याच फेरीत कॅमेऱ्यात दिसला असता.